कॉमिकवर ‘बेतलेली’ सिरीज : अडॅप्टेशनला मराठीत काय म्हणायचं?

चोपड्याहून एका कॉलेजातल्या पोराने विचारलंय. त्याला भित्तिपत्रकासाठी ‘द बॉइज’ या अमेरिकन सुपरहिरोंच्या सिरीजवर लिहायचंय, मूळ कॉमिकमधलं काय ठेवलं काय बदललं असा विषय आहे, आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडकली. “भाऊ, अडॅप्टेशनला मराठीत काय लिहू? सर म्हणतात अनुकूलन लिही, मित्र म्हणतो रूपांतरण, आई म्हणते सरळ रूपांतर लिही ना. आणि सोर्स मटेरियलला काय?”

आईचं ऐक. म्हणजे निदान त्या तिघांतलं तरी आईचंच ऐक, पुढे मी चौथा शब्द सुचवणार आहे तो पटला तर तो घे.

आधी अनुकूलन निकालात काढू. हा शब्द चूक नाही, पण मराठी माणसाला तो ऐकला की एकतर वातानुकूलित डबा आठवतो नाहीतर शाळेच्या विज्ञानातला उंट, वाळवंटात राहण्यासाठी त्याच्या अंगात झालेले बदल वगैरे. सिनेमा-नाटकाच्या बाबतीत हा शब्द हिंदीत चालतो आणि तिकडून ट्रान्सलेशन करणाऱ्यांच्या हातून आपल्याकडे आलाय. रूपांतरणचंही तसंच. त्या शेवटच्या ‘ण’ने शब्द जड होतो आणि एखादी प्रक्रिया चालू आहे असं वाटायला लागतं, उर्जेचं रूपांतरण, युनिटचं रूपांतरण. झालेल्या वस्तूला आपण रूपांतर म्हणतो. भाषांतर म्हणतोच की, भाषांतरण कोण म्हणतं?

आता रूपांतर. यातला ‘अंतर’ म्हणजे जळगाव-भुसावळ अंतर किती त्यातला अंतर नाही. संस्कृतात समासाच्या शेवटी येणाऱ्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’ असाही होतो, त्यामुळे रूपांतर म्हणजे दुसरं रूप, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसंच देशांतर, वेषांतर, धर्मांतर. वेषांतर हा शब्द इथे भारी आहे कारण सुपरहिरोचा निम्मा धंदाच त्यावर चालतो! तर शब्द म्हणून रूपांतर एकदम चोख. अडचण अर्थाची नाही, सवयीची आहे. मराठीत रूपांतर हा शब्द वाढला नाटकाच्या मांडवात. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली (१९७५). यांत नावं मराठी झाली, गावं मराठी झाली, शिव्यासुद्धा मराठी झाल्या, लंडनची इलायझा मंजुळा झाली. त्यामुळे रूपांतर म्हटलं की आपल्या डोक्यात येतं परक्या मुलखातली गोष्ट आपल्या मुलखात आणून वसवणं. दुसरीकडे नाट्यरूपांतर हाही शब्द आहे, कादंबरीचं नाटक करायचं, भाषा तीच मुलूख तोच पण माध्यम बदललं. म्हणजे एकच थैली आणि त्यात दोन वेगळे जिन्नस. अमेरिकन कॉमिकवरून अमेरिकन सिरीज केली तर ते या दुसऱ्या जिनसात बसतं. नुसतं माध्यम बदललंय एवढंच सांगायचं असेल तर ‘माध्यमांतर’ हा शब्दही समीक्षावाले वापरतात, चांगलाय, फक्त भित्तिपत्रकाला जरा इस्त्री केल्यासारखा वाटेल.

पण नुसतं माध्यम बदलून भागतं का हाच तर तुझ्या लेखाचा मुद्दा आहे ना.

म्हणून माझा शब्द : बेतणे. अमुक कादंबरीवर बेतलेला सिनेमा, तमुक घटनेवर बेतलेलं नाटक, असं आपण सर्रास म्हणतो आणि म्हणताना तो शब्द कुठून आलाय हे विसरून गेलेलो असतो. माझे वडील अमळनेरला शिलाईकाम करायचे, त्यामुळे मला तो विसरता येत नाही. कापड बेतणं म्हणजे माप घेऊन, खडूने खुणा करून, कापड अंगाला बसेल असं कापणं. शिवणं नंतर, आधी बेतणं. आणि चुकलं तर ते बेतण्यातच चुकतं, शिवणीतली चूक उसवता येते पण कैची लागल्यावर काय करशील? आमच्या घरी मोठ्या भावाची पँट आखूड झाली की वडील ती सगळी उसवायचे, तुकडे पाण्यातून काढून इस्त्री करायचे आणि त्यातून माझी बेतायचे. कापड तेच खाकी, पण माझी कंबर वेगळी माझी उंची वेगळी, म्हणून कुठे चुण्या यायच्या, कुठे खिसा सरकायचा, आणि मांडीवर जुन्या शिलाईची फिकट रेघ दिसायचीच दिसायची, कितीही धुवा ती काही जायची नाही. वर्गात पोरं त्या रेघेवरून ओळखायची की ही भावाची आहे. मला तेव्हा त्याची लाज वाटायची ही गोष्ट वेगळी.

आता हे ‘द बॉइज’ला लावून बघ (ज्यांनी बघितली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, पुढे रहस्यं फुटलीत). मूळ कॉमिक गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं, २००६ ते २०१२, एकूण ७२ अंक. सिरीज आली २०१९ मध्ये, एरिक क्रिपकेने केली. कापड तेच : कंपनीने पोसलेले सुपरहिरो आतून सडलेले आणि त्यांच्या मागे लागलेली चार-पाच माणसांची टोळी. पण कॉमिकमध्ये ती टोळी स्वतःच ते ताकदीचं औषध, कंपाउंड व्ही, घेऊन मैदानात उतरते त्यामुळे मारामारी बरोबरीची होते, आणि सिरीजमध्ये सुरुवातीचे सीझन टोळीतली किमिको सोडली तर कुणाकडे काहीच ताकद नाही. ही खरी कैची लागली बघ. चित्रात एका पानावर वीस माणसं फाडता येतात, शाईचा खर्च तेवढाच, पण पडद्यावर आठ तास माणसाला बसवून ठेवायचं तर त्याला भीती वाटली पाहिजे, आणि भीती वाटायची तर आपल्या बाजूचा माणूस कच्चा पाहिजे. कॉमिकमधला स्टॉर्मफ्रंट हा नाझी विचारांचा सुपरहिरो पुरुष, सिरीजमध्ये ती बाई आणि वर सोशल मीडियावर गोड बोलून विष पसरवणारी, माझ्या मते तो बदल मुळापेक्षा सरस आहे, कारण विचार तोच ठेवून त्याला आजच्या अंगाचं माप लावलंय.

आणि जुन्या शिलाईची रेघ म्हणशील तर ती टोळीतल्या ह्यूईची. कॉमिकमधला ह्यूई स्कॉटिश आहे आणि रॉबर्टसनने त्याचा चेहरा काढला तो सायमन पेग या नटावरून. सिरीज उभी राहीपर्यंत पेगचं वय निघून गेलं, ह्यूई झाला जॅक क्वेड, अमेरिकन पोरगा, मग यांनी काय केलं तर पेगला ह्यूईच्या बापाच्या भूमिकेत घेतलं. ज्याने कॉमिक वाचलंय त्याला ती रेघ दिसते आणि तो गालात हसतो, ज्याने नाही वाचलं त्याला पँट नवीच वाटते. याला तू रूपांतर म्हण, माध्यमांतर म्हण, ती रेघ त्या शब्दांत येत नाही रे. बेतलेली म्हटलं की येते.

अर्थात सगळ्याच सिरीजना हा शब्द चपखल बसेल असं नाही. ‘इन्व्हिन्सिबल’ घे, रॉबर्ट कर्कमनचं कॉमिक २००३ ते २०१८, १४४ अंक, आणि २०२१ पासूनच्या ॲनिमेशन सिरीजमध्ये कर्कमन स्वतः आहे. ती बरीचशी मूळबरहुकूम आहे. (हा मूळबरहुकूम शब्द वापर जरा, फेथफुलला ‘विश्वासू’ लिहू नकोस, विश्वासू कुत्रा असतो.) तरी तिथेही सातव्या अंकातला तो रक्तपात उचलून पहिल्याच एपिसोडच्या शेवटाला आणलाय, कारण अंक विकत घेणारा सात महिने थांबतो, मोबाईलवर बघणारा सात मिनिटं थांबत नाही. दुसऱ्या टोकाला २०१९ची ‘वॉचमेन’, नऊ भागांची. तिचा कर्ता डेमन लिंडलॉफ स्वतःच तिला रिमिक्स म्हणाला होता, कारण ऍलन मूर-डेव्ह गिबन्सच्या १९८६-८७च्या कॉमिकची गोष्ट तो परत सांगतच नाही, ती घडून गेली असं धरून पुढची सांगतो आणि सुरुवात करतो अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ साली झालेल्या खऱ्या हत्याकांडापासून. याला मराठीत काय म्हणशील? मी ‘मुळाचा धागा धरून’ असं काहीतरी सैल लिहीन. सगळ्याला एकेक शब्द असलाच पाहिजे असा काही कायदा नाही.

आणि शब्दशः भाषांतर बघायचं असेल तर १९६६ची बॅटमॅन सिरीज बघ, त्यात ठोसा बसला की पडद्यावर चक्क मोठ्या रंगीत अक्षरांत आवाज लिहून यायचा, कॉमिकमध्ये येतो तसा. कागदावरचा आवाज पडद्यावर ऐकू येत असतानाही लिहून दाखवायचा! गंमत म्हणून भारी. याउलट १९७८च्या ‘हल्क’ मालिकेत कॉमिकमधल्या ब्रूस बॅनरचं नावच बदलून डेव्हिड केलं आणि कॉमिकमध्ये तोडकंमोडकं का होईना बोलणारा हल्क तिथे नुसता गुरगुरायचा. तरी लोकांनी त्याला हल्कच म्हटलं. नाव बदललं, बोलणं गेलं, तरी कापड ओळखू येतं, हेही बेतण्यातच बसतं.

नाव बदलण्यावरून आठवलं. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स यायची (१९६४ ते १९९०), त्यात फँटमचं मराठीत नाव होतं वेताळ. ज्याने कुणी ते ठेवलं त्याला माझा दंडवत. फँटम म्हणजे भूत किंवा भास, पण भूत ठेवलं असतं तर कुणी वाचलं असतं? वेताळ म्हटलं की गावाच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला दगड आला, रात्री फिरणारा, भुतांचा राजा पण गावाचा राखणदार. एका शब्दात अख्खं पात्र मराठीत येऊन बसलं. मी सुट्टीत आजीकडे ती वाचायचो, आजीला अक्षर येत नव्हतं, ती चित्रं बघायची. पांढऱ्या घोड्यावरचा चड्डीवाला गडी बघून म्हणाली, “हाऊ वेताळ शे? आनि घोडावर बसस?” तिच्या वेताळाला घोडा नव्हता. मग मी तिला गोष्ट अहिराणीत सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझ्याही नकळत तो जंगलातून उठून आमच्या पांझरा नदीच्या काठाला आला. इंद्रजालवाल्यांनी तरी काय केलं होतं, मूळ इंग्रजीत बंगालशी जुळणारं देशाचं नाव होतं ते आपल्याकडे डेंकाली केलं. मी फक्त अजून चार कोस पुढे नेला.

मालेगाव तर यात सगळ्यांचा बाप. (नकाशात नाशिक जिल्हा आहे हो, पण बोलीने आमच्याच खानदेशी पट्ट्यातलं, भांडू नका.) नासिर शेख यांनी तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काटकुळ्या माणसाला सुपरमॅन केलं, आणि तो सिनेमा करतानाच्या खटपटीवर फैजा अहमद खान यांची २००८ची डॉक्युमेंटरी आहे. त्याला मी रूपांतरच म्हणेन, झुंजाररावाच्या अर्थाने. मुलूख बदलला ना.

एक उलटा प्रकार पण सांगतो, लेखात टाकायला बरा पडेल. दरवेळी कॉमिक आधी आणि सिरीज नंतर असंच नसतं. सुपरमॅनला लोळवणारा क्रिप्टोनाइट आधी आला रेडिओवर, १९४३ मध्ये, कॉमिकमध्ये सहा वर्षांनी १९४९ला. हार्ली क्विन तर १९९२च्या बॅटमॅन कार्टून मालिकेसाठी तयार केलेलं पात्र, ते मागाहून कॉमिकमध्ये गेलं. अशा वेळी ‘मूळ’ कशाला म्हणायचं? म्हणून सोर्स मटेरियलला ‘स्रोत सामग्री’ असलं काही लिहू नको, बांधकामाचं टेंडर वाटतं. सरळ ‘मूळ कॉमिक’ लिही, आणि हार्लीसारखी भानगड असेल तिथे ‘आधी कार्टूनमध्ये आली’ असं उघड सांग.

बेतणे वापरताना दोन गोष्टी. हा शब्द ‘-वर’ मागतो : कॉमिकवर बेतलेली. ‘कॉमिकपासून बेतलेली’ किंवा ‘कॉमिकची बेतलेली’ नाही. आणि ‘जिवावर बेतलं’ हा प्रयोग वेगळा, त्यात प्राण जायची वेळ येते, त्यामुळे ‘होमलँडरवर (‘द बॉइज’मधला सगळ्यात ताकदवान सुपरहिरो) बेतलेला एपिसोड’ असलं लिहिताना जरा थांब, तिथे दोन्ही अर्थ निघतील. शिवाय बेत हे नाम. हिवाळ्यात आपल्याकडे मळ्यात भरिताचा बेत होतो, पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) वांगी भाजून, तोही आखणीचाच शब्द. त्यामुळे ‘क्रिपकेचा बेत वेगळा होता’ असंही लिहिता येईल, वाचणाऱ्याला भूक लागेल एवढंच.

राहिलं लिंग. मालिका ती, सिरीजही आपण तीच म्हणतो, म्हणून बेतलेली. कॉमिक ते. आपल्याकडे दुकानात “एक कॉमिक्स द्या” असं एकालाही कॉमिक्सच म्हणतात आणि मीही तसंच म्हणतो, पण भित्तिपत्रकाला एक असेल तर कॉमिक लिही, नाहीतर सर पुन्हा अनुकूलनावर येतील.