दक्षिण कोरियात खरोखर मोकळेपणाने बोलता येते का?

आपला प्रश्न असा आहे : "मी पुढच्या वर्षी पीएच.डी.साठी दक्षिण कोरियात जाणार आहे. डिसेंबर २०२४ मधल्या मार्शल लॉच्या बातम्यांनी घरचे घाबरले आहेत. तिथे सेन्सॉरशिप किती आहे, राजकीय तणाव परदेशी माणसाला जाणवतो का, आणि समाजमाध्यमांवर मी मोकळेपणाने लिहू शकेन का?"

मी सप्टेंबर २०१६ पासून राजधानी सोलजवळच्या सुवोनमध्ये राहते आणि एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी करते. माझ्या अनुभवाप्रमाणे या देशात राष्ट्राध्यक्षांविरुद्ध भर चौकात घोषणा देता येतात, पण स्वतःच्या घरमालकाविरुद्ध दोन खऱ्या ओळी लिहिताना दहा वेळा विचार करावा लागतो. बाहेरून येणाऱ्याला बहुधा याच्या उलट वाटत असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी आले त्याच हिवाळ्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्याविरुद्धची मेणबत्ती आंदोलने सुरू झाली. दर शनिवारी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात लाखो माणसे जमत. लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप असत, आणि घरी परतताना लोक स्वतःचा कचरा पिशव्यांत भरून नेत. मार्च २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले. आपल्याकडचे मोर्चे पाहिलेल्या मला दगड, लाठी आणि जाळपोळ यांच्याविना एवढे मोठे काही घडू शकते हेच नवे होते. मात्र त्याच सरकारने नावडत्या कलावंतांची काळी यादी केलेली होती, तीत नऊ हजारांहून अधिक नावे होती आणि त्यांत बाँग जून-हो यांच्यासारखे दिग्दर्शकही होते, हेही तेव्हाच उघड झाले. कोणावर बंदी नव्हती. सरकारी अनुदान मात्र गुपचूप थांबत होते. लोकशाहीतली सेन्सॉरशिप बहुतेक वेळा अशी हिशेबाच्या वहीतून येते.

आता ३ डिसेंबर २०२४ ची रात्र. साडेदहाच्या सुमारास तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांनी दूरचित्रवाणीवरून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला. अकरा वाजता जो फतवा निघाला त्यात सर्व राजकीय कृतींना बंदी होती, आणि सर्व वृत्तमाध्यमे व प्रकाशने लष्करी नियंत्रणाखाली येतील असे एक कलमच होते. इथे रस्त्यावर बर्फ साचले किंवा कोणी वृद्ध हरवले तरी मोबाइलवर सरकारी इशारा खणखणतो. त्या रात्री मात्र फोन गप्प होता, आणि ती शांतता मला फतव्यापेक्षा अधिक भीतिदायक वाटली. भारतात तेव्हा संध्याकाळ होती. थोड्याच वेळात वडिलांचा फोन आला. ते कऱ्हाडचे, आणीबाणीतल्या १९७५ च्या साहित्य संमेलनात त्यांनी दुर्गाबाई भागवतांना प्रत्यक्ष ऐकले होते. त्यांनी माझी खुशाली विचारण्याआधी विचारले, "उद्या वर्तमानपत्र येईल ना?"

वर्तमानपत्र आले. तोवर संसदेच्या भिंतीवरून चढून आत गेलेल्या सदस्यांनी, सैनिक इमारतीत शिरलेले असताना, रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य मतांनी मार्शल लॉ उठवण्याचा ठराव केला होता आणि पहाटे साडेचारच्या सुमारास तो उठलाही. आपल्याकडे एकवीस महिने लागले, इथे सहा तास. पण हे आपोआप झाले असे समजू नका. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या तेव्हा सेन्सॉर झालेल्या वृत्तपत्रांतून उरलेल्या देशाला खरे काय ते कळले नव्हते, आणि पुढे लष्करशहा चुन दू-ह्वान यांच्या राजवटीत कोणती बातमी कोणत्या पानावर, किती मोठी छापावी याच्या लेखी सूचना संपादकांकडे येत असत. माझ्या विभागातले पन्नाशीपुढचे सहकारी त्या काळात वाढले आहेत. एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारे आमचे एक वरिष्ठ दुसऱ्या दिवशी जेवताना एवढेच म्हणाले की रात्रभर त्यांच्या आईने दिवा मालवू दिला नाही.

कायम झाकलेला कोपरा दुसराच आहे, आणि तो म्हणजे उत्तर कोरिया. राष्ट्रीय सुरक्षा कायदा डिसेंबर १९४८ चा आहे. त्याची मुळे जपानी राजवटीतल्या १९२५ च्या कायद्यापर्यंत जातात. त्याच्या सातव्या कलमानुसार राज्यविरोधी संघटनेची, म्हणजे व्यवहारात उत्तर कोरियाची, स्तुती किंवा प्रचार केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हे कलम पुन्हा एकदा वैध ठरवले. उत्तरेची प्रचारकी संकेतस्थळे इथल्या इंटरनेटवर वर्षानुवर्षे अडवली गेली आहेत. सुरुवातीला मी कुतूहलापोटी एक पत्ता टाकला, तर पोलिसी चिन्हांसह इशाऱ्याचे पान उघडले. अश्लील संकेतस्थळांनाही हीच वागणूक मिळते. या कायद्याचा विनोदाशी फारसा परिचय नाही : एका तरुण छायाचित्रकाराने उत्तरेच्या ट्विटर खात्यावरचे संदेश टिंगल म्हणून पुढे पाठवले, तर त्याला अटक झाली, २०१२ मध्ये स्थगित शिक्षा झाली आणि निर्दोष सुटायला अपिलात जावे लागले.

या कायद्याखाली सामान्य माणूस रोज भरडला जातो असे मी म्हणणार नाही. खटले थोडे आहेत. पण "प्पालगेंगी", म्हणजे लाल, कम्युनिस्ट, ही शिवी अजून जिवंत आहे आणि कोणत्याही डाव्या मताला ती चिकटवता येते. क्षेपणास्त्रांच्या बातमीने इथे कोणाचा घास अडत नाही. मे २०२४ पासून उत्तरेने कचऱ्याचे फुगे सोडायला सुरुवात केली तेव्हाही लोकांना मुख्य काळजी गाडीच्या काचेची होती. खरा तणाव घरातल्या घरात आहे : एकीकडे राष्ट्रध्वज आणि अमेरिकेचा ध्वज एकत्र फडकवणारी, बहुतांशी वयस्क माणसांची गर्दी, दुसरीकडे पॉप गायकांच्या मैफिलीतले रंगीत दिवे घेऊन महाभियोग मागणाऱ्या तरुण मुली. १९ जानेवारी २०२५ च्या पहाटे यून यांच्या समर्थकांनी सोलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयात घुसून मोडतोड केली तेव्हा मात्र कोरियन मित्र प्रथमच खरोखर हादरलेले दिसले. एप्रिलमध्ये यून पदच्युत झाले, जूनमध्ये ली जे-म्युंग राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, चौक रिकामे झाले; जेवणाच्या टेबलावरचे मौन तसेच राहिले.

परदेशी म्हणून आपले स्थान काय, हेही स्पष्ट असावे. इमिग्रेशन कायद्याच्या सतराव्या कलमानुसार इथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला, कायद्याने दिलेले अपवाद सोडल्यास, राजकीय कृतींत भाग घेता येत नाही. मोर्चा पाहणे आणि मोर्चात फलक धरणे यांतली रेषा कुठे आहे हे कोणी आखून देत नाही, म्हणून विद्यार्थी व्हिसावर असताना ती शोधायला जाऊ नये. १४ डिसेंबर २०२४ ला, यून यांच्यावरील महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशी, मी संसद आहे त्या योइदो भागात गेले, पण पदपथावर उभी राहिले. अनोळखी लोकांनी आंदोलकांसाठी आसपासच्या उपाहारगृहांत आधीच पैसे भरून ठेवले होते. काउंटरवरच्या मुलीने मला फुकट कॉफी देऊ केली, आणि मी आंदोलक नाही हे तिला सांगताना मला उगाच अपराधी वाटले. तरी पैसे मी दिले.

आता आपला तिसरा प्रश्न, लिहिण्याचा. इथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे, आणि लिहिलेले खरे असले तरी तो गुन्हा ठरू शकतो : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख वॉनपर्यंत दंड, आणि बदनामीच्या हेतूने इंटरनेटवर लिहिले असेल तर तीन वर्षांपर्यंत. सत्य असून ते सर्वस्वी सार्वजनिक हितासाठी असेल तरच सुटका. आपल्याकडच्या कायद्यातही नुसते सत्य पुरत नाही, हे मला इथे आल्यावर कळले. फरक एवढाच की इथे लोक तक्रार करायला अजिबात मागेपुढे पाहत नाहीत. मुलांची पोटगी थकवणाऱ्या बापांची नावे जाहीर करणारे एक संकेतस्थळ होते. त्याच्या चालकाला खालच्या न्यायालयाने निर्दोष ठरवले, पण अपिलात तो दोषी ठरला आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शिवाय कोणी "या मजकुराने माझी बदनामी होते" असा अर्ज केला, तर संकेतस्थळाला तो मजकूर तीस दिवसांपर्यंत झाकता येतो. त्यासाठी न्यायाधीश लागत नाही.

हे मी स्वतः अनुभवले आहे. २०१९ मध्ये घर सोडताना घरमालकाने भिंतीवरच्या जुन्या बुरशीचा खर्च माझ्या डिपॉझिटमधून कापला. घर घेताना काढलेली छायाचित्रे माझ्याजवळ होती. मी कोरियन सहकारिणीच्या मदतीने एका ब्लॉगवर सगळा प्रकार तारखांसह लिहिला. मालकाचे नाव घातले नाही, इमारतीचे घातले. चौथ्या दिवशी तो मजकूर झाकला गेल्याची सूचना आली, आणि मला हरकत नोंदवता येईल असे तिच्यात म्हटले होते. सहकारिणी म्हणाली, हरकत घेतलीस तर तो पोलिसांत जाईल, तू कदाचित जिंकशील, पण तुझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाला तीन महिने उरले आहेत. मी एक रविवार त्यावर विचार करण्यात घालवला.

मी हरकत घेतली नाही. मुदत संपल्यावर तो मजकूर काढून टाकण्यात आला. छायाचित्रे अजून माझ्याजवळ आहेत, आणि हे उत्तर लिहितानाही त्या इमारतीचे नाव मी घातलेले नाही.