ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या टेबलाला चालेल का?

चालतोय की! पण खालचा आधार सलग पाहिजे. १८ मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. ४० × ४० × ५ मिमी अँगलची फ्रेम, दर फुटाला आडवी पट्टी, वर १९ मिमी प्लायवुड. त्यावर वीतभर अंतराने सिलिकॉनचे ठिपके देऊन दगड बसवा. सिमेंट नको, फ्रेम हलली की तडा दगडात जातो. सिंकचा कट असलेला भाग कापूनच टाका, तो कोपऱ्यातूनच चिरतो. व्हाइस (काम घट्ट पकडायचा शिकंजा) दगडावर बोल्ट करू नका; फ्रेमला वेल्ड केलेल्या १० मिमी प्लेटवर लावा, ठोकाठोकीही तिथंच. कार्बोरेटर उघडायला मात्र ग्रॅनाइट झकास. कडप्पा असेल तर बॅटरीचं ॲसिड सांभाळा. चुनखडीचाच दगड तो, लगेच खातो.