पहिला सिनेमा, दुसरा सिनेमा आणि मधली वर्षं

मागच्या अंकात सिनेमातल्या करिअरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके आले की सगळ्यांना या पानात उत्तर देणं शक्यच नाही. त्यातले चार घेतलेत, नावं काढून टाकलीयत. मी आधी असिस्टंट डिरेक्टर, मग एडिटर आणि एका छोट्या सिनेमाची दिग्दर्शक, त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बरंचसं हात पोळून घेतल्यावर कळलेलं आहे.

प्रश्न : सहा वर्षं प्रायोगिक नाटकं करतेय, चार सिनेमांत छोटे रोल केलेत, सगळ्यात मोठा तीन सीनचा. सोबत पूर्णवेळ नोकरी आहे, त्यामुळे निम्म्या ऑडिशन्स हुकतात. ओळखीचे लोक म्हणतात प्लॅन बी ठेवला की माणूस जीव तोडून मेहनत करत नाही. नोकरी सोडू का?

प्लॅन बीचं वाक्य मीही खूप ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. घरखर्चाची चिंता असलेला नट कसा दिसतो ते मी ऑडिशनच्या खोलीत बसून पाहिलंय. रोल मिळाला नाही तर या महिन्याचं काय हे चेहऱ्यावर येतं, कितीही लपवलं तरी, आणि कॅमेरा नेमकं तेच टिपतो. त्याहून वाईट म्हणजे असा माणूस येईल त्या कामाला हो म्हणतो. एकदा हिरोइनची रडणारी मैत्रीण, दुसऱ्यांदा रडणारी बहीण, तिसऱ्यांदा रडणारी वहिनी, आणि मग कास्टिंगवाल्यांच्या यादीत नावापुढे तेवढंच राहतं. नाही म्हणता यायला खिशात थोडे पैसे लागतात हो, त्याला इलाज नाही.

पण तुमची अडचण खरी आहे. ऑडिशनचा निरोप आदल्या दिवशी येतो, कधी कधी त्याच दिवशी, आणि ठरलेल्या वेळेची नोकरी असली की पंचाईत होते. म्हणून सोडायचीच तर नोकरी सोडून शून्यावर जाऊ नका, वेळ आपल्या हातात राहील अशा कामाकडे जा. डबिंग, ऑडिओबुक, शिकवणी, भाषांतर, सबटायटल्स, जे जमत असेल ते. रात्री करता येणारं, दोन दिवस पुढे ढकलता येणारं. आणि हे काम चालू होऊन त्यातून घरभाडं निघायला लागल्यावरच राजीनामा द्या, आधी नाही. सिनेमाच्या कामाचे पैसे काम संपल्या संपल्या हातात येत नाहीत, महिने जातात, तेव्हा तेवढे महिने निभतील इतकी शिल्लक बाजूला ठेवा.

तुम्ही वय लिहिलेलं नाही पण पत्रात ती काळजी मधूनमधून डोकावते. इंग्लिश नट ॲलन रिकमन आधी ग्राफिक डिझायनर होता, मित्रांसोबत स्वतःचा स्टुडिओ चालवत होता, तो सोडून सव्विशीत नाट्यशिक्षण घ्यायला गेला आणि १९८८ मध्ये ‘डाय हार्ड’ हा त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. मधली सगळी वर्षं तो रंगमंचावर होता. तुमची सहा वर्षंही तिथलीच आहेत, ती वाया गेली असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : सेल्फ टेप (घरीच स्वतः शूट केलेली ऑडिशन) पाठवून पाठवून थकलो, उत्तरच येत नाही. बघणारे नेमकं काय बघतात? चांगला कॅमेरा घेऊ का?

कॅमेरा नको, फोन पुरतो. आवाज मात्र स्वच्छ हवा, पंखा बंद करा, मागे साधी भिंत, उजेड समोरून. एवढं झालं की तांत्रिक भाग संपला.

मी एका सिनेमाच्या कास्टिंगमध्ये मदतीला होते तेव्हा एका बैठकीत एकाच सीनच्या नव्वदेक टेप बघितल्या. सीन साधा होता, भाऊ फोनवर सांगतो की मी येत नाहीये, आणि बहिणीचं उत्तर एका वाक्याचं. जवळजवळ सगळ्यांनी ते वाक्य फार छान म्हटलं, कुणी चिडून, कुणी गहिवरून. एक मुलगी मात्र भावाचं बोलणं ऐकत होती. ‘येत नाहीये’ कानावर पडलं तेव्हा तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणलं होतं, ते तिथेच थांबलं, आणि मग वाक्य आलं, जवळपास सपाट. खोलीतले चौघंही एकदम पुढे सरकून बसले. रोल तिलाच मिळाला. तर आपल्या वाक्याच्या आधीचे दोन सेकंद बघा, तुमच्या टेपमध्ये त्या वेळात तुम्ही ऐकताय की आपली पाळी यायची वाट बघताय. आणि समोरचे संवाद वाचायला जो कुणी बसवाल त्याला आधी दोनदा सीन वाचायला द्या, अडखळत वाचणाऱ्याने चांगल्या नटाची टेप बिघडते.

उत्तर येत नाही हे खरंच वाईट आहे, माणसाला निदान ‘नाही’ तरी कळवावं असं माझं ठाम मत आहे. पण न येणारं उत्तर म्हणजे तुमचं काम वाईट असं धरून बसू नका. उंची, वय, आधीच ठरलेल्या हिरोशी चेहऱ्याचा मेळ, अशा गोष्टींवर निम्मे निर्णय होतात.

प्रश्न : पहिल्या फीचर फिल्मची स्क्रिप्ट तयार आहे. दोन वर्षं निर्मात्यांकडे फिरलो, कुणी तयार नाही. आता घर गहाण ठेवून स्वतःच करायचं ठरवतोय. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीसने तेच केलं होतं ना?

केलं होतं, पण कधी केलं ते बघा. १९७४ च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी त्याने घर गहाण टाकलं, नट पीटर फॉकने स्वतःच्या खिशातले पाच लाख डॉलर घातले, आणि सिनेमा तयार झाल्यावर एकही वितरक मिळेना तेव्हा स्वतः थिएटरवाल्यांना गाठून तो लावला. पण हा त्याचा पहिला सिनेमा नव्हता. त्याच्या आधीची पंधराएक वर्षं तो दुसऱ्यांच्या सिनेमात नट म्हणून काम करून त्या पैशावर आपले सिनेमे करत होता. ‘फेसेस’चं शूटिंग १९६५ मध्ये, बरंचसं घरातच, आणि सिनेमा आला १९६८ ला, कारण मधे जमेल तसं एडिटिंग आणि पैशासाठी अभिनय चालू होता. म्हणजे हप्ते कुठून भरायचे हे त्याला माहीत होतं. तुमच्या पत्रात हप्त्यांबद्दल एक ओळही नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

हिशोब करून बघा. कर्ज घेतलं की पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. शूटिंग, एडिट, साउंड, कलर, मग फेस्टिव्हलना पाठवणं, त्यांची उत्तरं, मग विक्री झालीच तर, यात दोन-अडीच वर्षं सहज जातात आणि या सगळ्या काळात सिनेमा एक पैसा देत नाही. बँक काही थांबत नाही. घरावरचा ताण शूटिंगमध्ये येतो, तुम्ही घाईने ‘चालेल, पुढे’ म्हणायला लागता, आणि जो सिनेमा करायचा होता तोच हातातून निसटतो. गहाण नका ठेवू. स्पष्टच सांगतेय.

मग काय करायचं? सिनेमा परवडेल अशा आकाराचा करा किंवा परवडेल अशा वेगाने करा. नोलनचा पहिला सिनेमा ‘फॉलोइंग’, १९९८ चा, तो वर्षभर फक्त शनिवारी शूट झाला कारण त्याच्यासकट सगळ्यांच्या नोकऱ्या होत्या. फिल्मची रिळं महाग म्हणून आधी नाटकासारखी तालीम करायचे, म्हणजे एकदोन टेकमध्ये काम व्हावं. यातली तालमीची गोष्ट मला फार मोलाची वाटते, तालमीला फक्त वेळ लागतो. सत्यजित राय जाहिरात एजन्सीत नोकरी करून ‘पथेर पांचाली’ करत होते, पहिला दिवस काशफुलांच्या शेतात शूट केला आणि पुढच्या रविवारी जाऊन बघतात तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली, मग तो सीन पुढच्या मोसमात पूर्ण केला. १९५२ ला सुरू झालेला सिनेमा १९५५ ला आला, मधे पैशाअभावी बराच काळ काम बंद पडलं होतं. थांबून परत सुरू करता येतं, फक्त त्याची तयारी आधीपासून हवी. मोठी होणारी मुलं, नटाचे कापलेले केस, बदललेला भिंतीचा रंग, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

स्वस्तात बनलेल्या सिनेमांचे जे आकडे आपण ऐकतो त्यांनी भुलून जाऊ नका. ‘एल मारियाची’ ७ हजार डॉलरमध्ये झाला हे खरं, पण थिएटरमध्ये जो दिसला त्याचा आवाज आणि प्रिंट तयार करायला स्टुडिओने त्याच्या कितीतरी पट घातले. म्हणून पोस्ट-प्रॉडक्शनचे, म्हणजे शूटिंगनंतरच्या एडिट-साउंडचे पैसे शूटिंगच्या आधीच वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड शूटिंगला नेऊ नका. हार्ड ड्राइव्हमध्ये अडकून पडलेले किती सिनेमे मी बघितलेत, सगळे ‘साउंडचं नंतर बघू’ या एका वाक्यावर अडकलेले.

निर्माते तयार नाहीत कारण त्यांच्यापुढे फक्त कागद आहे. कोएन बंधूंनी ‘ब्लड सिंपल’ बनवायच्या आधी त्याचा छोटा ट्रेलर शूट केला आणि तो घेऊन लोकांच्या घरी जाऊन दाखवत थोडे थोडे पैसे जमवले. तुमचा सगळ्यात चांगला एक सीन नीट शूट करा. बाहेरच्यांना दाखवायला उपयोगी पडेलच, पण तो सीन तुम्हाला स्वतःला जमतोय का हेही घराचे कागद बँकेत जायच्या आधी कळेल.

प्रश्न : सिनेमा पूर्ण आहे. चौदा फेस्टिव्हलनी नाकारला. एक कंपनी घ्यायला तयार आहे, पण पैसे जवळपास नाहीतच, ‘लोकांपर्यंत पोचेल’ म्हणतात. की सरळ ऑनलाइन टाकून मोकळी होऊ?

चौदा नकार म्हणजे खूप वाटतं, खरंतर तसं नाहीये. कुठले चौदा हे महत्त्वाचं. सगळे मोठेच असतील तर छोट्या आणि विषयाला धरून असलेल्या फेस्टिव्हलना अजून पाठवा. तोपर्यंत ऑनलाइन टाकू नका, कारण नेटवर आलेला सिनेमा मोठे फेस्टिव्हल स्पर्धेत घेत नाहीत आणि तो मार्ग एकदा बंद झाला की परत उघडत नाही. छोट्या फेस्टिव्हलला निवड झाली तर स्वतः जा, जमेल तसं जा. तिथे सिनेमा बघून कुणीतरी येऊन ‘पुढे काय करताय?’ विचारतं, आणि त्याचं उत्तर लिहिलेलं बॅगेत हवं. माझ्याकडे नव्हतं. ‘विचार चालू आहे’ म्हटलं, तो माणूस हसून पुढच्या टेबलाकडे गेला, आणि दुसऱ्या सिनेमाची गोष्ट मी नंतर तीन वर्षं शोधत बसले.

संगीताचे हक्क तपासा, आत्ताच. चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ १९७७ चा, त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते म्हणून तो थिएटरमध्ये नीट लागायला २००७ उजाडलं, आणि दहा हजार डॉलरच्या आत झालेल्या सिनेमाच्या गाण्यांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले. तुमच्या सिनेमात मागे रेडिओवर जुनं गाणं वाजत असेल तर ते फक्त फेस्टिव्हलपुरतं घेतलंय की कायमचं, तो कागद काढून बघा.

आणि कंपनीचा करार. माझ्या सिनेमाला पहिली ऑफर आली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की सतरा पानांचा करार मी संध्याकाळी सोफ्यावर बसून वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. नवव्या पानावर लिहिलं होतं, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, पंधरा वर्षं. ते वाचून मला वाटलं केवढा मोठा विचार करतायत हे लोक. त्यांनी सिनेमा कुठेच लावला नाही. एका कॉलेजने विद्यार्थ्यांना दाखवायला मागितला तेव्हा मला त्यांची परवानगी मागावी लागली, आणि मेलला उत्तर आलं नाही.

म्हणून पैसे नाहीत तर हक्क तरी कमी द्या. थिएटर वेगळं, ऑनलाइन वेगळं, टीव्ही वेगळं, शिक्षणसंस्थांमधले खेळ स्वतःकडे. मुदत दोन-तीन वर्षं, त्यात ठरलेल्या तारखेपर्यंत प्रदर्शित केला नाही तर हक्क आपोआप परत, हे शब्द करारात असायलाच हवेत. हिशोब दर सहा महिन्यांनी. वकिलाला दाखवायला थोडे पैसे जातील, जाऊ द्या. एवढ्यावर ते मागे हटले तर त्यांना तुमचा सिनेमा लावायचा नव्हताच, यादीत ठेवायचा होता.

सही कराल तेव्हा एक आणखी करा, मूळ मास्टर (तयार सिनेमाची पूर्ण दर्जाची फाइल), साउंडचे वेगळे ट्रॅक आणि सबटायटलची फाइल दोन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरी ठेवा. माझ्या कराराची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, दोन्ही ड्राइव्ह मी दर सहा महिन्यांनी लावून बघते, अजून चालतायत. त्या कॉलेजला परत पत्र लिहायचं आहे.