घड्याळातला नादकाटा आणि अणूचे बल

प्रश्न : क्वार्ट्झ घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) काढून एका भुजेला टंगस्टनची टिप चिकटवली, तर क्यू (कंपनाची ऊर्जा किती टिकते याचे माप) एकदम घसरला. भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्त्स गीसिबल यांच्या क्यूप्लस सेन्सरमध्ये (अणुबल सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागावरच्या अणूंचे बल टिपणाऱ्या सेन्सरमध्ये) हे कसे टाळले आहे?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नादकाट्याच्या भुजा एकमेकींच्या उलट दिशेने हलतात, म्हणून बुडाशी हालचाल जवळजवळ पोहोचत नाही आणि ऊर्जा टिकते. एका भुजेवर टिप आणि गोंद चढला की तोल जातो, बूड हलते, ऊर्जा झिरपते. दुसऱ्या भुजेवर तेवढेच वजन लावता येईल, पण टिप पृष्ठभागाजवळ गेली की बल एकाच भुजेवर लागते आणि तोल पुन्हा बिघडतो.

गीसिबल यांनी १९९६ मध्ये एक भुजा जड बैठकीवर जखडूनच टाकली. बैठक नादकाट्यापेक्षा कितीतरी जड घ्या. कडक होणारे इपॉक्सी पातळ थरात, भुजेच्या पूर्ण लांबीभर लावा; खाली पोकळी राहिली तर क्यू परत घसरेल. टिपची तार बारीक आणि आखूड हवी.

खरी कमाई ताठरपणाची आहे. गीसिबल यांनीच १९९५ मध्ये सिलिकॉनच्या ७×७ पृष्ठभागावरचे (अणूंच्या एका ठरावीक मांडणीचे) अणू दाखवले तेव्हा कँटिलिव्हर, म्हणजे टिप धरणारी लवचीक पट्टी, १७ न्यूटन प्रति मीटर ताठरपणाचा होता. टिप पृष्ठभागाला चिकटू नये म्हणून आयाम (झोक्याचा पल्ला) ३४ नॅनोमीटर ठेवावा लागला. अणूंमधल्या बंधाचे बल तर १०० पिकोमीटरच्या (०.१ नॅनोमीटरच्या) आसपास ओसरते, म्हणजे झोक्याचा बहुतेक वेळ फुकट. क्यूप्लसची भुजा सुमारे १,८०० न्यूटन प्रति मीटरची. तिला ५० पिकोमीटर आयाम पुरतो आणि तरीही मागे खेचणारे बल ९० नॅनोन्यूटन भरते.

याची किंमत म्हणजे संकेत, म्हणजे बलामुळे वारंवारतेत होणारा बदल, लहान येतो. वारंवारता ३०,००० हर्ट्झ आणि टिप-नमुन्यातली बलप्रवणता (अंतरानुसार बल बदलण्याचा दर) १ न्यूटन प्रति मीटर धरली, तर वारंवारता जेमतेम ८ हर्ट्झ सरकते. म्हणून प्रीअँप्लिफायर सेन्सरच्या जवळ ठेवा आणि तापमान स्थिर राखा. वाकला की क्वार्ट्झ स्वतःच विद्युतभार देतो, हालचाल मोजायला लेसर लागत नाही; अतिशीत कक्षात हे वरदानच. २००८ मध्ये याच सेन्सरने कोबाल्टचा एक अणू सरकवायला लागणारे बल मोजले गेले : प्लॅटिनमवर २१० पिकोन्यूटन, तांब्यावर फक्त १७.

प्रश्न : पीएचडीनंतर कंपनीत गेलो तर विद्यापीठाची वाट बंद होते का?

उत्तर : गीसिबल यांची तरी झाली नाही. म्युनिकमध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाचे एक जनक गेर्ड बिनिग यांच्याकडे पीएचडी, मग कॅलिफोर्नियात पार्क सायंटिफिक ही सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी, नंतर मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत सल्लागार, पुढे आउग्सबुर्ग आणि २००६ पासून रेगेन्सबुर्गला प्राध्यापक. १९९५ चे ते काम पार्कमधलेच. तेव्हा नोकरी घेताना एवढे आधी विचारून घ्या : उपकरणावर हात ठेवता येईल का, आणि निष्कर्ष स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करता येतील का?