टांकसाळीची चूक की फिटरचा प्रताप?

प्रश्न (मालवण): पाच रुपयांचं जुनं जाड नाणं विकायला आलंय. एका बाजूला नेहमीसारखे सिंह, आणि पाठीमागे पाचाच्या जागी पण सिंहच, फक्त उलटे आणि आत खचलेले. विकणारा म्हणतो लाखी आहे, दोन हजार द्या. घेऊ का?

उत्तर: पैसे आधी खिशात ठेवा. लाखी म्हणजे ब्रॉकेज ही खरी चूक आहे, होतं काय की ठोकलेलं नाणं डायला, म्हणजे ठसा मारणाऱ्या साच्याला, चिकटून बसतं, खाली पडतच नाही, आणि पुढची कोरी चकती आली की तिच्यावर डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा ठसा उमटतो, म्हणून चित्र उलटं आणि खोलगट. आता बघा, पाचाची डाय तर झाकलेली होती ना, मग त्या बाजूला पाचाचा मागमूसही नको. टॉर्च आडवा धरा आणि भिंगातून बघा. उलट्या सिंहांच्या आडून पाचाचं पोट किंवा बाजूच्या फुलांची रेघ डोकावली तर ती दोन नाणी व्हाइसमध्ये (फिटरच्या लोखंडी शिकंज्यात) घालून आवळलेली आहेत, कुठल्याही फिटरचं पाच मिनिटांचं काम. मग दुसरी बाजू बघा, सरळ सिंह चेपलेले, गुळगुळीत झालेले दिसतात का, कारण व्हाइसचा जबडा तिथे लागलेला असतो. (हुशार माणूस चामड्याचा तुकडा घालतो, तेव्हा पाचाची खूण जास्त भरवशाची.) वजनावर जाऊ नका हो, ते नाणं ९ ग्रॅमचं, आवळलं तरी ९ ग्रॅमच, दाबून धातू जाणार कुठे?

प्रश्न (हर्णै): बंदरावर सुट्ट्या पैशात एक रुपया मिळाला, कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नाही. एरर, म्हणजे टांकसाळीची चूक, आहे का?

उत्तर: असू शकतो. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पंच, म्हणजे कापायचं हत्यार, आधीच्या भोकावर चढला की अशी कोर जाते. अशा चकतीवर ठसा बसताना कोरीच्या बरोबर समोरची कड नीट उठत नाही, पुसट राहते, आणि कोरीजवळची अक्षरं ओघळल्यासारखी निमुळती होतात. तुमच्याकडे समोरची कड ठणठणीत आणि अक्षर सुरीने कापल्यासारखं तुटलेलं असेल, वर बारीक ओरखडे, तर कुणीतरी कानस चालवलीय. तो रुपया मासळीलाच वापरा.

प्रश्न (देवगड): किनाऱ्यावर सापडलेली ॲल्युमिनियमची १० पैशांची नाणी खडबडीत, अक्षरं अर्धी. आणि घरातली तांब्याची शिवराई आमसुलाने घासू का?

उत्तर: नाण्यांना खारं पाणी आणि वाळू लागलीय, ॲल्युमिनियमला मीठ खातंच, त्यात टांकसाळीचा काही दोष नाही. आणि शिवराईला आमसूल अजिबात नको! आंबटाने वरचा जुना थर जातो, नाणं गुलाबी चकचकीत होतं आणि संग्राहक हात लावत नाही. साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपा, बास.

प्रश्न (वेंगुर्ला): नाण्यावर सालाखाली टांकसाळीचं चिन्हच नाही, दुर्मिळ म्हणून घेतलंय.

उत्तर: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकाता काहीच टाकत नाही. तुमचं कोलकात्याचं आहे, तेवढ्यासाठी वर पैसे दिले असतील तर परत मागा.