अठरापासून खाली उतरणारा लिलाव

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४३, नवरा-बायको दोघंही नोकरीत, बँकेत ९० हजार डॉलर, आणि मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाणार. रविवारी एका हॉटेलात टॅक्स लीनचा सेमिनार झाला. तिथे सांगितलं, "सरकारी हमीचे १८ टक्के, नाहीतर मातीमोलाने घर." पुढच्या कोर्सची फी २,९०० डॉलर, त्यातले ३०० त्यांनी तिथेच भरले. आता ४० हजार डॉलर यात घालावेत का, असं ते विचारतात. सांगलीला वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "जमिनीतला पैसा बुडत नाही."

नमस्कार. तुमच्या बाबांना समजेल अशा भाषेत आधी सांगतो. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो ना, तसाच टॅक्स लीन म्हणजे थकलेल्या घरपट्टीचा बोजा. आपल्याकडे पट्टी थकली की पालिका स्वतः जप्तीची नोटीस लावते. न्यू जर्सीत पालिका तो बोजा लिलावात विकते. थकबाकी तुम्ही भरायची, सर्टिफिकेट तुमच्या नावावर होतं. घरमालक पुढे पैसे भरून बोजा सोडवतो, तेव्हा पालिकेमार्फत तुमचे पैसे परत येतात. तुम्ही विकत घेता तो बोजा, घर नाही.

सेमिनारवाल्याने १८ टक्के खोटं सांगितलं नाही. लिलाव १८ पासूनच सुरू होतो. पण तिथून तो खाली उतरतो. जो कमी व्याजावर तयार होतो, त्याला लीन मिळतं. चांगल्या वस्तीतल्या घरासाठी बोली शून्यावर येते आणि मग उलटी वर चढते, म्हणजे तुम्ही पालिकेला वरून प्रीमियम देऊ करता. मालकाने बोजा सोडवला की प्रीमियम परत मिळतो, पण बिनव्याजी. खोलीत तुमच्याशेजारी बसलेले लोक हेच काम वर्षभर करणाऱ्या फंडांचे असतात. १९९८ ते २००९ या काळात इथल्या काही खरेदीदारांनी संगनमत करून बोल्या वाटून घेतल्या होत्या. त्यांच्यावर केंद्राने खटले भरले, अनेकांनी गुन्हा कबूल केला. व्याज खाली पडू नये म्हणून धंद्यातल्या जाणत्या लोकांनी गुन्हा करायची जोखीम घेतली, यावरून खऱ्या लिलावात १८ चं काय होतं ते ओळखा.

आता आकडे मांडू. थकबाकी ६,००० डॉलर. बोली शून्यावर आली, वर तुम्ही १२,००० प्रीमियम दिलात. थकबाकी ५,००० च्या वर असल्याने सोडवताना मालक ४ टक्के दंड भरतो, म्हणजे २४० डॉलर. खरी कमाई पुढच्या तिमाह्यांची पट्टी तुम्ही भरलीत तर असते, कारण तिच्यावर १८ टक्क्यांपर्यंत व्याज मिळू शकतं. समजा दोन तिमाह्यांचे दोन-दोन हजार भरले, एक आठ महिने अडकले, दुसरे पाच, आणि दहाव्या महिन्यात मालकाने सगळं सोडवलं. व्याज २४० आणि १५०. एकूण हाती आले ६३० डॉलर. अडकलेली रक्कम वर्षाच्या हिशेबाने धरली तर सरासरी १७ हजारांच्या थोडी वर. परतावा ३.७ टक्क्यांच्या आसपास. त्यावर केंद्राचा कर आहे आणि न्यू जर्सीचाही. ट्रेझरी बिलाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्याच्या, व्याजावर राज्याचा कर नसतो, हे तुलना करताना ध्यानात ठेवा.

मालकाने दोन महिन्यांत सोडवलं तर हाच हिशेब फार सुंदर दिसतो. सेमिनारमध्ये तीच पावती दाखवतात.

आता घराबद्दल. लिलावानंतर दोन वर्षं मालकाने सोडवलं नाही, तर तुम्ही फोरक्लोजर करू शकता, म्हणजे कोर्टातून घरावर हक्क मिळवू शकता. त्यासाठी टायटल शोध (मालकीच्या नोंदींची तपासणी), तीस दिवसांची नोटीस, मग सुपीरियर कोर्टाच्या चान्सरी विभागात दावा. मालक, वारस, मॉर्गेज (घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज) देणारी बँक, सगळ्यांना प्रतिवादी करायचं. आणि इथेच गंमत आहे. पट्टीचा बोजा मॉर्गेजच्या आधी बसतो, त्यामुळे तुमच्या फोरक्लोजरमध्ये बँकेचं कर्ज पुसलं जाण्याची भीती असते. म्हणून बँक स्वतःच पट्टी भरून मोकळी होते. ज्या घराला किंमत आहे, त्याला कुणीतरी सोडवणारा असतोच. शेवटपर्यंत कुणी सोडवत नाही ते काय असतं, याचं उदाहरण माझ्याच एका क्लायंटचं. त्यांनी ऑनलाइन लिलावात एक छोटं लीन घेतलं. नकाशा नंतर पाहिला. दोन घरांमागचा बारा फुटी जमिनीचा तुकडा, मधून पावसाच्या पाण्याची चर. मालक म्हणजे कधीच बंद पडलेली बिल्डरची कंपनी. कोर्टाचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त. ते सर्टिफिकेट अजून त्यांच्या कपाटात आहे. त्याहून वाईट म्हणजे जुन्या घराच्या अंगणात पुरलेली हीटिंग ऑइलची टाकी. घर तुमच्या नावावर आलं की गळतीची साफसफाईही तुमच्या गळ्यात.

मातीमोलाचं घर हा प्रकार तर आता कायद्यानेच जवळपास संपवलाय. मिनियापोलिसच्या जेराल्डीन टायलर या ९४ वर्षांच्या बाईंचा फ्लॅट दंड-व्याजासह सुमारे १५,००० डॉलरच्या थकबाकीपायी काउंटीने (म्हणजे जिल्हा प्रशासनाने) घेतला, ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० स्वतःकडेच ठेवले. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने काउंटीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये न्यू जर्सीने कायदा बदलला. आता मालक जाहीर लिलाव मागू शकतो आणि देणी भागून उरलेली रक्कम त्याची. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

तरीही या धंद्याला मी फसवणूक म्हणणार नाही. ज्याला दहा वर्षं पैशांची गरज नाही, जो प्रत्येक प्लॉट गाडीने जाऊन बघून येतो आणि नोंदणीची शिस्त पाळतो, त्याला यात दोन पैसे मिळतात. सर्टिफिकेट तीन महिन्यांत काउंटी क्लर्ककडे, तुमच्या बाबतीत न्यू ब्रन्सविकला, नोंदवावं लागतं. नाहीतर मधल्या काळात कुणी प्रामाणिकपणे ते घर विकत घेतलं, तर त्याच्यापुढे तुमचा कागद टिकत नाही. मूळ सर्टिफिकेट जपावंही लागतं, पैसे घेताना तेच परत द्यायचं असतं.

तुमची अडचण वेगळीच आहे. कॉलेजची फी ठरलेल्या तारखेला भरायची आहे. लीनला तारीख नाही. ते उद्या सुटेल, नाहीतर मालक दिवाळखोरीत जाईल आणि तुमचा दावा जागच्या जागी थांबेल. म्हणून ४० हजारांना माझं उत्तर नाही. ते प्रत्येक सेमिस्टरच्या आधी मुदत संपेल अशा ट्रेझरी बिलांत आणि ट्रेझरी नोटांत (त्याहून लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांत) लावा. हौसच असेल तर आपल्याच गावच्या टॅक्स सेलला एकदा नुसते जाऊन बसा, किंवा ऑनलाइन असेल तर बोली न लावता पाहा. पुढच्या वर्षी हवं तर पाच हजारांचं एक लीन घ्या, नकाशा आधी बघून.

आणि आता घाईचं. हे उत्तर छापून येईल तेव्हा येईल, तुम्हाला मी आज सोमवारीच ईमेलने पाठवतोय. हॉटेलात विकलेल्या कोर्ससाठी फेडरल ट्रेड कमिशनचा नियम तीन कामाचे दिवस देतो, विक्री १३० डॉलर किंवा जास्त असेल तर. रविवार धरत नाहीत, म्हणजे तुमची मुदत बुधवारी मध्यरात्री संपते. करार रद्द करायचा फॉर्म त्यांनी पावतीसोबत द्यायला हवा होता. नसेल दिला तरी साध्या कागदावर लिहा, सही-तारीख घाला आणि उद्याच रजिस्टर्ड टपालाने पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.