चॉकलेटच्या पोटात काय भरायचं?

प्रश्न : ताई, ते दुबईवालं पिस्ता-कुनाफा चॉकलेट मी घरी करतेय. कुनाफाच्या शेवया बटरवर परतल्या, पिस्त्याच्या पेस्टमध्ये थोडं कंडेन्स्ड मिल्क घातलं आणि वरून डार्क कंपाउंडचं (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या स्वस्त चॉकलेटचं) कवच. पहिल्या दिवशी एकदम भारी, दुसऱ्या दिवशी कुरकुरीतपणा गायब, आणि फ्रीजमधून काढून ठेवलं की वर पांढरट डाग. कंपाउंड वापरलं म्हणून होतंय का? मुलगी म्हणते महागातलं चॉकलेट आण. (एक वाचक, पनवेल)

उत्तर : मुलीला सांगा जरा थांब. कंपाउंडचा इथे काही दोष नाही, सगळी गडबड पाण्याची आहे. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी असतं, बटरमध्येही साधारण १६ टक्क्यांपर्यंत असतं, आणि परतलेल्या शेवया ते पाणी रात्रभर शोषून घेतात मग कुरकुरीत राहणार कशा? बटरऐवजी साजूक तूप घ्या, मंद आचेवर चांगल्या तांबूस होईपर्यंत परता आणि पूर्ण गार झाल्यावरच पेस्टमध्ये मिसळा. पेस्टसाठी पिस्ते कोरडेच भाजून मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, तेल सुटेपर्यंत धीर धरावा लागतो, दूध-पाणी अजिबात नको, गोडीला पिठीसाखर आणि चमचाभर ताहिनी (तिळाची पेस्ट). १०० ग्रॅम पेस्टला ५० ग्रॅम शेवया पुरतात. कुनाफा मिळाला नाही तर आपल्या बारीक शेवया चुरून तुपावर परता, मला तर त्याच जास्त आवडतात. (हा बार २०२१ मध्ये दुबईत सारा हमूदा या बाईंना लागलेल्या डोहाळ्यांतून निघालाय, त्यामुळे थोडा हट्टीपणा त्याला शोभतो.)

आता डाग. फ्रीजमधला गार बार पनवेलच्या दमट हवेत आला की त्याला घाम सुटतो, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी वाळलं की पांढरी खरखरीत होऊन बसते. बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं तर साखर, तुपकट लागून बोटाच्या उबेने डाग गेला तर फॅट वर आलंय. बार हवाबंद डब्यात घालून मगच फ्रीजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर डब्याचा गारवा जाईपर्यंत झाकण उघडूच नका, घरात कितीही घाई झाली तरी.

महागातलं, म्हणजे कोको बटरवालं, घ्यायचंच असेल तर टेंपरिंग करावं लागेल, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून, गार करून, परत किंचित तापवायचं, म्हणजे ते चकचकीत आणि कडक सेट होतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० डिग्रीला वितळवायचं, २७-२८ वर आणायचं, परत ३१-३२ पर्यंत नेऊन साच्यात ओतायचं, मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा दोनेक डिग्री कमी. डिजिटल थर्मामीटर हवाच, अंदाजपंचे जमत नाही. शिवाय हे काम एसीच्या खोलीत करा, कारण मे महिन्यात स्वयंपाकघरातच ३४ डिग्री असेल तर चॉकलेट सेट होणार तरी कुठे? तेव्हा उन्हाळ्यात सरळ कंपाउंड वापरा, लाजायचं काही कारण नाही. आणि हो, सारण कोमट असताना कवचात भरू नका, आतून कवच वितळतं. कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर वरचा थर नीट चिकटत नाही आणि कडेने तेल झिरपतं.

प्रश्न : गुलकंद भरला तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चालेल, पण पाक निथळून घ्या आणि भाजलेलं सुकं खोबरं, बडीशेपेची पूड घालून घट्ट गोळा करा. तरी ओलावा थोडा राहतोच, म्हणून हे बार थोडेच करा आणि तीन-चार दिवसांत संपवा. दिवाळीत कुरिअरने पाठवायचे असतील तर गुलकंदाचे नकोत, भाजलेल्या तिळाचं किंवा शेंगदाण्याचं सारण भरा, ते छान टिकतं.